लाईट बंद करायचं बटन

दिवसाढवळ्या मोटरसायकलचा लाईट चालू दिसला, की आमच्या बऱ्हाणपुरात माणसाचा हात आपोआप वर जातो. पाच बोटं मिटायची, उघडायची, परत मिटायची. म्हणजे, "भाऊ, लाईट चालू आहे तुझा!" केळीच्या ट्रकवर बसलेला हमाल करतो, पानवाला करतो, शाळेतून सुटलेली पोरं करतात, आणि उलट्या बाजूनं गाडी घुसवणारा माणूसही मोठ्या जबाबदारीनं करतो. ज्याला आयुष्यात कोणाला पाणी विचारायचं सुचलं नाही, तोसुद्धा हे फुकटचं पुण्य सोडत नाही. आणि अंधारात जो बिनालाईटचा येतो, त्याला? त्याला कोणी हात करत नाही. त्याला शिव्या घालतात, त्याही तो निघून गेल्यावर.

या हातवाऱ्यावर माझं दुकान काही वर्षं जोरात चाललं, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझाच आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "सुधाकरभाऊ, धंद्यातल्या गमती लिहा." गमती आहेत, सांगतो. पण माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा सगळंच गोड लागेल असं समजू नका.

शहापूर रोडवर, धर्मकाट्याच्या अलीकडे, माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. अडतीस वर्षं. धर्मकाटा म्हणजे केळीनं भरलेले ट्रक जिथं वजनाला उभे राहतात ती जागा. त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. लोक आम्हाला मेकॅनिक म्हणतात, ते चूक आहे. मेकॅनिक इंजिन बघतो. आम्ही लाईट, हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ, बॅटरी बघतो. बिघडलेलं इंजिन आवाज करतं, वास मारतं, धूर सोडतं. बिघडलेली वायर गप्प असते. पन्नास वायरींमधली एक कुठंतरी पत्र्याला घासते, आणि माणूस तीन गावं फिरून शेवटी माझ्याकडे येतो. मी टेस्टर लावून पाच मिनिटांत शोधायचो, आणि मग तो म्हणायचा, "एवढंच व्हतं?" हो बाबा, एवढंच होतं, मग तूच का नाही शोधलं?

एक केळीवाले शेठ होते. त्यांनी जीपला पुढं चार, टपावर सहा असे पांढरेशुभ्र एलईडी लावायला सांगितले. मी म्हटलं, "शेठ, समोरच्याला काहीच दिसणार नाही." ते म्हणाले, "त्याले कायले दिसाले पाह्यजे? गाडी मी चालवून राह्यलो." महिन्याभरानं तेच शेठ तणतणत आले. दुसऱ्या एका जीपवाल्यानं तसलेच दिवे लावले होते आणि आमचे शेठ गाडीसकट शेतात उतरले होते. मला म्हणाले, "अशा लोकाइले जेलात टाकाले पाह्यजे." मी त्यांच्या टपावरच्या सहा दिव्यांकडे नुसतं बघत राहिलो. त्यांना काही कळलं नाही.

दुसरे एक आजोबा होते, जुन्या मोपेडवर यायचे. त्यांचा लाईट कधीच चालू नसायचा. मी फुकटात बल्ब घालून दिला तर काढून खिशात ठेवला. का, तर "जळून जळून संपून जाईल." ते बल्ब जपायचे, स्वतःला नाही. आजोबांवर मी हसायचो. पुढं मी स्वतः जे केलं त्यापुढं आजोबा शहाणेच म्हणायचे.

तर झालं असं, की सन सतरापासून नवीन दुचाकीला लाईटचं बटन देणंच बंद झालं. गाडी चालू केली की पुढचा लाईट लागणार, बंद केली की विझणार. दिवस असो, रात्र असो. सरकारचा तसा नियमच आला. कारण साधं आहे. मोटरसायकल अरुंद असते, समोरच्याला ती लवकर नजरेत भरत नाही. दिवा असला की लांबून कळतं, कोणीतरी येतंय. आपल्याला रस्ता दिसावा हे त्या दिव्याचं अर्धंच काम. आपण दुसऱ्याला दिसावं, हे उरलेलं अर्धं.

हे कोणी गिऱ्हाइकाला सांगितलं? शोरूमवाल्यानं पेढा दिला, किल्ली दिली, हार घातला आणि पाठवून दिलं. आता हा माणूस नवी कोरी गाडी घेऊन निघाला की शेजारच्या बहादरपूरपर्यंत पन्नास जण त्याला बोटं मिटून-उघडून दाखवणार. पहिल्या दिवशी तो हसतो. चौथ्या दिवशी ओरडून सांगतो, "बंदच नाही होत!" दहाव्या दिवशी माझ्या दुकानात येतो.

"भाऊ, याचं काही जुगाड करा ना. लोकांनी जीव खाल्ला."

सोबत दुसरी तक्रार असायचीच, की बॅटरी उतरते. नाही उतरत हो! इंजिन चालू असलं तरच दिवा जळतो, बॅटरीला त्याचा भार होत नाही. हे मला चांगलं माहीत होतं. पण मी सांगत बसलो नाही. लाईटची वायर तोडायची, मधे छोटं बटन टाकायचं, अर्ध्या तासाचं काम.

बटन उघड्यावर लावलं तर शोरूमवाले बघतात आणि वायर तोडली म्हणून वॉरंटी नाकारतात. म्हणून मी ते लपवायचो. बाकीचे कारागीर सीटखाली लावायचे, तिथं कोणालाही सापडतं. मी मीटरच्या खालचं प्लास्टिक उघडून आत, पार कोपऱ्यात, बोटाचं एक पेर जाईल अशा जागी बसवायचो. वर पिवळी टेप, त्यावर माझी नेहमीची दोन वेढ्यांची गाठ. गिऱ्हाइकाचं बोट धरून त्याला जागा दाखवावी लागायची. मी छाती काढून सांगायचो, "कंपनीचा इंजिनियर आला तरी त्याला सापडणार नाही." असली बटनं मी किती लावली, मोजली नाहीत. आता मोजायची हिंमतही नाही.

चौधरी सर बहादरपूरचे, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. माझी त्यांची वीस वर्षांची बैठक. सकाळचा पेपर ते माझ्या दुकानात वाचायचे. त्यांची मुलगी वैशाली शहापूरला सरकारी दवाखान्यात नर्स लागली, तेव्हा सरांनी तिला स्कूटी घेऊन दिली. महिन्याभरात तीच स्कूटी घेऊन सर माझ्याकडे आले. वैशाली मागे बसली होती, तोंड फुगवून.

"काका, रोज रोज पोरं हात दाखवतात. पहिले वाटायचं लाईटसाठी दाखवतात, पण काही काही नुसतेच दाखवतात. मग समजत नाही ना, कोण लाईटसाठी आणि कोण कशासाठी. मला नाही जमत, तुम्ही बंद करून टाका."

हे ऐकून मला त्या पोरांचा राग आला आणि मी लगेच पेचकस उचलला. राग पोरांचा, आणि वायर तोडली पोरीच्या गाडीची. सरांच्या घरची गाडी म्हणून जास्त मन लावून काम केलं. बटन इतकं आत बसवलं की मलाच परत शोधताना मजा वाटली. वैशाली हसली. सर म्हणाले, "सुधाकरभाऊ, तुमच्या हाताला तोड नाही." त्यांनी चहा मागवला.

मे महिन्यात आमच्याकडे वादळं येतात. केळीवाल्यांना विचारा. उभी बाग पाच मिनिटांत आडवी होते. त्या दिवशी दुपारी चार वाजता तसंच वादळ उठलं. आधी पिवळं, मग तपकिरी, मग धुळीशिवाय काही दिसेना. मी शटर अर्धं ओढून आत उभा राहिलो. समोरचा धर्मकाटा गायब झाला होता. घड्याळात दिवस होता, रस्त्यावर नव्हता.

त्याच वेळी वैशाली शहापूरहून ड्युटी संपवून परत येत होती. वाटेत केळीच्या शेतातून गणपत नावाचा ड्रायव्हर ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन रस्त्यावर चढला. त्याच्या ट्रॅक्टरचा एक दिवा फुटका होता, एक जळत होता. ट्रॅक्टर रस्ता ओलांडत असताना वैशालीची स्कूटी ट्रॉलीवर जाऊन आदळली. पोरीचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, डोक्याला मार लागला. तिला इंदूरला नेलं. लोकांनी गणपतला झोडपलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातून मला बोलावणं आलं. हे नेहमीचंच होतं. अपघाताची गाडी आली की ब्रेक मेकॅनिक बघायचा, लाईट मी बघायचो, आणि पंच म्हणून सही करायचो. गेलो तर आवारात वैशालीची स्कूटी पडलेली, पुढचं सगळं चेपलेलं. एका बाकावर चौधरी सर. भिंतीला टेकून उकिडवा बसलेला गणपत, एक डोळा सुजून बंद झालेला.

ठाणेदार साहेब हसत म्हणाले, "सुनो सुधाकर, ये क्या बोल रहा है. बोलता है, लडकी की गाडी का लाईट बंद था."

गणपत म्हणाला, "साहेब, मी रस्त्यावर चढण्याच्या आधी थांबलो व्हतो. दोन्हीकडे पाह्यलं. धूळच धूळ व्हती. एक ट्रक आला, त्याचा लाईट दिसला, त्याले जाऊ देल्लं. मंग कुठंच लाईट नव्हता, म्हणून काढला ट्रॅक्टर. देवाशपथ सांगतो, लाईट नव्हता."

"अबे झूठे, नई गाडी का लाईट बंद होता ही नहीं. सरकारने बटन ही निकाल दिया है."

मग गणपत माझ्याकडे वळला. चांगला होता तो एक डोळा माझ्यावर लावून त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्ही तं लाईटवाले आहे. तुम्हीच सांगा, बंद होते का नाही होत?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. नुसते बघत होते.

मी म्हणालो, "कंपनीकडून येते तशा गाडीचा लाईट बंद होत नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. म्हणूनच त्या वाक्याची मला आजही किळस येते. साहेबांनी गणपतच्या पाठीत एक ठेवून दिली आणि म्हणाले, "सुन लिया?" मी म्हटलं, गाडी चेपलेली आहे, उघडून बघावी लागेल, एक-दोन दिवस लागतील. आणि तिथून पळालो. पळालोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात आले. पेपर उघडला नाही. म्हणाले, "वैशूच्या पायाचं दुसरं ऑपरेशन व्हायचं आहे. भरपाईच्या केसवर सगळं अडलंय. तुम्ही खोटं बोलू नका, सुधाकरभाऊ. फक्त लिहा की गाडी इतकी मोडली आहे, काही समजत नाही."

"आणि गणपत?"

"गणपतच्या ट्रॅक्टरला तरी धड दिवे होते का?"

खरंच होतं ते. एक दिवा फुटका, ट्रॉलीला लाल पट्टी नाही. गणपतच्या मालकानं ट्रॅक्टरला कधी माझ्या दुकानाचं तोंड दाखवलं नव्हतं. सगळेच चुकलेले, मग मारतोय कोण आणि खातोय कोण? वीस हजार झाडं केळीची असलेला मालक घरी बसलेला, आणि त्याचा ड्रायव्हर लॉकअपात.

पण मला झोपू देईना ते दुसरंच. लाईट नव्हता असं गणपत शंभर वेळा सांगणार होता, आणि शंभर माणसं त्याला खोटारडा म्हणणार होती. तो खरं बोलतोय हे बऱ्हाणपुरात दोनच माणसांना माहीत होतं. एक लेकीच्या पायासाठी धावपळ करणारा बाप होता. दुसरा मी.

दोन दिवस घातले मी. तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो, साहेबांसमोर स्कूटीचं प्लास्टिक उचकलं, पिवळी टेप दाखवली, गाठ दाखवली, बटन दाखवलं. बटन बंदवर होतं.

"ये किसने लगाया?"

"मी."

 साहेबांनी हवालदाराला पुस्तक आणायला सांगितलं आणि मला नियम वाचून दाखवला. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापासून ते सूर्य उगवण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत गाडीचे दिवे लागलेले पाहिजेत. हे मला माहीत होतं. पण पुढं आणखी होतं: आणि कोणत्याही वेळी, जेव्हा समोरची माणसं आणि गाड्या एकशे पंचावन्न मीटरवरून स्वच्छ दिसत नसतील तेव्हा. कोणत्याही वेळी. म्हणजे दुपारी चारलासुद्धा. धुळीत, धुक्यात, धुवांधार पावसात. अडतीस वर्षं मी लाईटचं काम केलं, आणि लाईट कधी लावायचा हा कायदा मला पोलीस ठाण्यात कळला! आमच्यात कोणाला माहीत आहे हा? लायसन्स काढताना आठचा आकडा काढायला लावतात, पाय टेकला की नापास. हे कोणी विचारतं? घड्याळात दिवस आहे म्हणून लाईट बंद, एवढंच आम्हाला येतं.

परत येऊन मी पावलांनी एकशे पंचावन्न मीटर मोजले. दुकानाच्या पायरीपासून बरोबर धर्मकाट्याचा खांब. वादळात जो गायब झाला होता, तोच.

गणपत सुटून घरी आला. केस संपली नाही, पण त्याच्यावरचा भार हलका झाला. सरांची भरपाई लांबली आणि कमी झाली, हेही खरं आहे. त्यांनी माझ्या दुकानात यायचं सोडलं. रस्त्यात दिसलो तर ते रस्त्याची पलीकडची बाजू धरायचे. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही.

राग आहे तो बाकी गावावर. जो भेटेल तो म्हणायचा, "सुधाकरभाऊ, कायले सांगितलं? सापडलंच नसतं कोणाले." चहावाला म्हणाला, धर्मकाट्यावाला म्हणाला, माझा सख्खा साडू म्हणाला. अरे, एकानं तरी, एकानं तरी विचारायचं होतं ना, की कायले लावलं? नाही. लावलं ते कोणाला खटकलं नाही, सांगितलं ते खटकलं!

आणि कळस ऐका. पंधरा दिवस झाले नसतील, एक जण नवी गाडी घेऊन दुकानात हजर. पांढरा शर्ट, शिकलेला माणूस. म्हणतो, "भाऊ, ते तुमचं बटन लावून द्या. पोलिसांनाही सापडलं नाही म्हणे?" माझ्या हातात पक्कड होती. ती मी खाली ठेवली, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. त्याला मी एवढ्या जोरात हाकललं की धर्मकाट्यावरचे हमाल बघायला आले. तो जाता जाता म्हणाला, "इसमें इतना भडकने का क्या है?" आणि पुढच्या दुकानात जाऊन बसला. तिथं त्याचं काम झालं असणार.

त्यानंतर मी पाटी लावली: बटन काढून मिळेल, फुकट. सहा महिन्यांत तीन गाड्या आल्या. फक्त तीन. दुकान बंद करायचं मी तेव्हाच ठरवलं. डोळेही थकले होते, पण खरं कारण डोळे नव्हते.

दुकान बंद व्हायच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, एक स्कूटी पायरीशी थांबली. वैशाली. गाडीचं पुढचं प्लास्टिक नवीन बसवलं होतं, वायरिंग जुनंच. ती उतरली ती आधी डावा पाय टेकून, मग उजवा ओढून. मी उठून खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"काका, बटन काढा."

मी प्लास्टिक उघडायला बसलो. काही तरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणालो, "पप्पा कसे आहेत?"

"ठीक आहेत. मी इथं आली ते त्यांना माहीत नाही."

"तू रागावली असशील माझ्यावर. ठाण्यात सांगितलं म्हणून."

"त्याच्यासाठी नाही." तिनं मीटरकडे बघितलं. "काका, पहिले मला काही आठवत नव्हतं. आता आठवतं. धूळ आली तेव्हा मला समजलं होतं की लाईट लावायला पाहिजे. मी डाव्या हातानं बटन शोधत होती. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, बोट जातच नव्हतं. डोळ्यात धूळ, एका हातात हँडल. मी खाली वाकून शोधत होती ना, तेव्हाच ती ट्रॉली आली." मग तिनं विचारलं, अगदी हळू, लहान मुलीनं विचारावं तसं, "इतकं आत कायले लावलं होतं, काका?"

 इतके महिने मी स्वतःला सांगत होतो की पोरीनं लाईट लावला नाही. तिनं लावायला घेतला होता. मला माझ्या हाताची हौस होती, म्हणून तिला तो सापडला नाही. 

मी बटन कापून काढलं, वायर जोडली, झाळली, वर स्लीव्ह चढवली. तिनं गाडी चालू केली. लाईट लागला. ती निघाली, धर्मकाट्यापाशी वळली आणि माझ्यासमोरून परत बहादरपूरकडे जाऊ लागली. लख्ख ऊन होतं, तरी खांबापासून तिचा दिवा मला स्वच्छ दिसत होता.

चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या एका माणसानं तिला बघितलं. त्याचा हात वर गेला, पाचही बोटं पसरलेली, मिटायच्या बेतात.

मी पायरीवरून धावलो आणि त्याचं मनगट पकडून खाली दाबलं. तो भांबावून माझ्याकडे बघू लागला.

"चालू आहे," मी म्हटलं. "चालूच राहू दे."